काकांचा मऊ ब्रश
कापूर घातलेल्या दंतमंजनाचा वास आला की माझ्या हिरड्या आजही ठणकतात. छत्तीस सालच्या सुमारास पंचवटीत आमच्या घरी सगळे राखुंडीने दात घासायचे. काकांनी मुंबईहून कापराचं दंतमंजन आणलं आणि दोन ब्रश, एक राठ केसांचा आणि एक मऊ, खास मुलांचा. मऊ त्यांनी स्वतःला ठेवला. "माझ्या हिरड्या नाजूक आहेत," म्हणाले, आणि राठ ब्रश माझ्या हातात दिला. मी सात वर्षांची. चूळ टाकली ती लाल. "रक्त आलं म्हणजे घाण निघतेय," काका म्हणाले. आई चुलीपासून उठून आली. "भाऊजी, खरारा घोड्याला करतात, पोरीच्या तोंडाला नाही." काकांनी मऊ ब्रश तोंडातून काढलासुद्धा नाही. पुढे त्यांचे सगळे दात पडले. आज नातीसाठी मऊ ब्रश निवडताना ते आठवलं. वाईट मात्र अजूनही वाटलं नाही.