कोणाचाच नसलेला मुंजा

चित्र पुरं झालं की सुमनमावशी ते भिंतीकडे तोंड करून ठेवायची. असं का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "नवं हाय. लाजते." देऊळघाटच्या शाळेत तिनं जन्मभर चित्रकला शिकवली. राहायची मात्र आमच्या खेड्यात, आमच्या शेजारी, एकटी. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर तिच्या चित्रांचं काय करायचं, हे माझ्या गळ्यात पडलं.

एका परदेशी कंपनीच्या वेबसाइटवर चित्रं ठेवता येतात. ज्याला जाहिरातीला, पुस्तकाला हवं असेल तो परवाना घेऊन वापरतो. मी मावशीचे बैल, कापूस, मिरच्या तिथं चढवल्या. मग तिनं नाल्याकाठच्या पिंपळावरचा मुंजा काढला. लग्नाआधी गेलेलं कुठल्याशा काळचं पोर. शेंडी, कमरेला करगोटा, पाय उलटे. कंपनीनं कळवलं, पाय चुकलेत.

"पाय त्याचे उलटे हायेत, माह्ये नाही," मावशी म्हणाली. तेच मी इंग्रजीत कळवलं. त्यावर उत्तर आलं की जुन्या लोककथेतलं पात्र असेल तर चालेल, पण त्यावर आज कोणाचा हक्क नाही याची खात्री द्या.

मावशीनं ते फार मनावर घेतलं. पारावर जाऊन ती विचारू लागली, आणि तिथं बापूराव देशमुख उठले. मुंजा त्यांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ. दर अवसेला नैवेद्य त्यांच्याच घरचा जातो. मग घरच्यांना न विचारता त्याला परदेशी धाडायचं कसं? गावात दोन तट पडले. शेवटी सरपंचांनी ग्रामसभेत हा विषय घेतला, तुंबलेल्या गटारांच्या विषयाच्याही आधी.

बापूरावांनी उभं राहून सगळी वंशावळ सांगितली. मावशीनं ती शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं, "तुमचा हाय म्हन्ता, तं माही म्हैस त्यानं बुजवली, दूध आटलं तिचं, ते कोनं भरून द्याचं?"

मग मागून एक बाई उठली. मुंजानं अडवलं म्हणून तिचा नवरा बाजारातून दुसऱ्या दिवशी घरी यायचा. कोणाची मोटर जळाली होती, कोणाचं जमलेलं लग्न मोडलं होतं. एकजण तर सायकलची वाकडी रिंग घेऊनच आला. रांग दाराबाहेर गेली तेव्हा बापूरावांनी हात जोडले. "मुंजा कोनाचाच नाही. लिवून घ्या." सरपंचांनी ठरावावर शिक्का मारला.

चित्र मंजूर झालं, आणि कुठल्याशा देशात पायमोज्यांच्या जाहिरातीत झळकलं. मी कौतुकानं दाखवलं, पण मावशी हसली नाही. बापूरावांनी अवसेचा नैवेद्य बंद केला होता.

"माह्या चित्रापायी पोराचं गोत गेलं," ती म्हणाली. त्या महिन्यापासून तीच ताट घेऊन पिंपळाकडे जाऊ लागली. अशानं तूच हक्कदार ठरशील, असं मी तिला गमतीत म्हटलं. ती रागावली. "कागदावर कोनाचा नाही म्हून उपाशी ठेवाचा का लेकराले?" पुढं गुडघे धरले, काठी आली, पण तिची अवस चुकली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेली. पुढच्या अवसेला सकाळीच मी ताट घेऊन निघालो. पिंपळाखाली बापूराव आधीच बसले होते. पुढ्यात पळसाच्या पानावर पोळी, वर तुपाची धार. मला पाहून ते उपरण्यानं पान झाकायला गेले, मग राहू दिलं. जरा सरकून मला जागा दिली. मी ताट त्यांच्या पानाशेजारी ठेवलं.

मग ते हळूच म्हणाले, "कंपनीले सांगू नको."