मालकांनी पाटी लावली नाही

आमच्या मालकांना अंगठा असून नसल्यासारखा होता. चहाचा कप असो की सायकलची मूठ, अंगठा चार बोटांच्या बाजूला चिकटवूनच धरायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हात अधू आहे. अधू काही नव्हता. तरुणपणी नागपूरच्या एका वर्कशॉपात इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि मुठीत वेढलेला अंगठा मोडला. तेव्हापासून त्यांनी अंगठा कशालाच वेढू दिला नाही. आम्हालाही नाही. कोणाची मूठ चुकली की शेडच्या त्या टोकावरून ओरडायचे, "अबे, अंगठा काढ! घरी भात काहानं खाशील?"

कारध्याला पाण्याच्या पंपाची डिझेल इंजिनं बनत होती, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. हसू द्या. वैनगंगेच्या काठावर टिनाचं शेड होतं, मागे भट्टी होती, आणि तिथे मी या हातांनी लोखंड ओतलं आहे. शिकलो चौथीपर्यंत, पण माझ्या हातचा इंजिनाचा ब्लॉक फुटून परत आला असं कोणी दाखवावं. पहिलं इंजिन तयार झालं तेव्हा आम्ही मोजकी माणसं होतो. सत्तरच्या पुढच्या सालांत कारखाना झाला, भोंगा आला. धानाच्या रोवणीच्या आधी फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची. प्रत्येक इंजिनाला कंपनीच्या नावाची पितळी पाटी मालक स्वतः ठोकायचे. ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

त्यांचा एक नियम होता. घरी जो इंजिन चालवणार, त्याने आधी आमच्या आवारात ते सुरू करून दाखवायचं. एकदा दिघोरीचे एक पाटील इंजिन न्यायला आले.

मालकांनी विचारलं, "घरी चालवनार कोन?"

"पोरगा."

"पोरगा तं नागपूरले शिकून राहिला म्हनता."

"मंग सून चालवन."

"मंग सुनेले आना."

पाटील तापले. "बाईमानसाले इथं आनू? लोकायसमोर?"

"धानाची बांधी सुकल तवा लोक येतीन का पानी लावाले?"

पाटील रिकामी बंडी घेऊन गेले. परत आले ते सुनेला घेऊनच. तिने पदर खोचला, अंगठा बाजूला ठेवला आणि हँडल असं मारलं की इंजिन पहिल्या दणक्यात धडधडलं. सासरे म्हणाले, "आता हे सून मलेच घराबाहेर काढते." मालक इतके हसले, की हातातला चहा सांडला.

पण सगळेच परत येत नसत. पुष्कळ गिऱ्हाइकं सरळ भंडाऱ्याला जात. तिथल्या दुकानात बाहेरगावची स्वस्त इंजिनं मिळायची आणि कोणी परीक्षा घेत नसे. त्यात गावोगाव विजेच्या तारा आल्या. ऐंशीनंतर भट्टी रोजची आठवड्यावर आली, मग पेटेना.

तेव्हा नागपूरचा एक व्यापारी आला. म्हणाला, "इंजिनं मी बाहेरून आणून देतो. तुम्ही फक्त रंग द्या आणि तुमची पाटी लावा. तुमच्या नावावर माल खपतो." माणसं कामावर राहिली असती. मालकांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

बाकीचे कामगार आपापल्या कामाला वळले. मी मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. "काहून नाई म्हनलं, मालक?"

"गनपत, जे आपन ओतलं नाई, त्याच्यावर आपलं नाव कसं टाकू? उद्या ते बांधीत बंद पडलं तं लोक कोनाच्या दारात येतीन?"

"आमच्या दारात कोन येते ते पाहा ना. लेकरं विचारतीन, तं त्यायले तुमचं नाव खाऊ घालू?"

कारखाना बंद झाला. त्यांनी एकेकासाठी नागपुरात काम शोधलं. माझ्यासाठीही शोधलं होतं. मी गेलो नाही. कोंढ्याला इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ओढाताणीत दिवस काढले.

काही वर्षांनी मालक एस.टी.ने दुकानात आले. आमच्या इंजिनांचे सुटे भाग ते घरच्या लेथवर अजून बनवत होते. पिशवी ठेवत म्हणाले, "राग हाये अजून?"

"हाये."

"मंग रागाचा चहा तरी पाज."

चहा पिता पिता म्हणाले, "पाटी लावली असती, तं तू माह्याशी बोलला असता का?"

"रोज बोललो असतो, मालक. कामावर असतो ना."

ते हसले नाहीत. खाली पाहत कप संपवला आणि भंडाऱ्याची गाडी धरली.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. मी कारध्याला गेलो, खांदा दिला. घाटावर कोणी म्हणालं, "तत्त्वाचा माणूस होता." मी म्हणालो, "तत्त्व राहिलं, कारखाना गेला. मालक चुकलेच." लोक माझ्यावर डोळे वटारू लागले. एकाने दंड धरून मला बाजूला ओढलं.

घाटावरून मालकांच्या घरी परतल्यावर ही गोष्ट मालकीणबाईंच्या कानावर गेली. त्यांनी मला आत बोलावलं. मी मान खाली घातली नाही.

त्या म्हणाल्या, "बसा, गनपतभाऊ. कोंढ्याहून आले त्या दिवशी ते जेवले नाई. म्हने, गनपत अजून म्हनते, पाटी लावाची होती." मग डोळे पुसून म्हणाल्या, "बाकी सारे आज त्यायची तारीफच करून राहिले. तुमी पहिल्यासारखे त्यायच्याशी भांडा. मले आयकू द्या."