तक्ता क्रमांक सात

“मॅडम, या दोन्ही कागदांवर सही तुमचीच आहे ना?” वानखडे सरांनी विचारलं.

सर म्हणजे माझे गाईड. पीएच.डी. करणाऱ्याला एक मार्गदर्शक असतो, त्याला सगळे गाईडच म्हणतात. यवतमाळच्या एका बी.एड. कॉलेजात, त्यांच्या केबिनमध्ये मी बसले होते. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण टेबलावर उघडं होतं. सरांनी तक्ता क्रमांक सहा आणि तक्ता क्रमांक सात शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही एकाच शाळेचे, एकाच महिन्याचे, तिसरी-चौथीच्या त्याच चौदा मुलांचे. सहामध्ये लिहिलं होतं, मराठी परिच्छेद वाचू शकणारी मुलं पाच. सातमध्ये लिहिलं होतं, तेरा.

शाळा माझी, मुलं माझी आणि सह्याही माझ्याच.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मुलं घरी गोर बोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात आणि शाळेत आल्यावर त्यांच्यापुढे मराठीचं पुस्तक येतं. ती वाचायला कशी शिकतात, हा माझा विषय. बावीस वर्षं शिकवल्यावर मला वाटलं, आता आपणही थोडं शिकावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्सवर्क केलं, म्हणजे संशोधन कसं करायचं याचे वर्ग. दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती सांगायची, तीही सांगितली. आमच्या केंद्रातल्या शेजारच्या शाळांचे शिक्षक चिडवायचे, मॅडम डॉक्टर झाल्या की आम्हाला फुकट तपासतील. मीही हसायची.

तक्ता सहा माझ्या चाचणीचा होता. प्रत्येक मुलाला एकटं बसवायचं, समोर परिच्छेद ठेवायचा, अडखळला कुठे, सोडलं काय, ते लिहायचं. चौदा मुलांना मला चार दिवस लागले होते. तक्ता सात म्हणजे शाळेचा मासिक प्रगती अहवाल. त्याला मला दहा मिनिटं लागायची.

अहवाल ऑनलाइन भरावा लागतो. महिनाअखेर केंद्रप्रमुखांचा मेसेज येतो, दोन वाजेपर्यंत सर्वांनी भरावे, प्रगती दिसली पाहिजे. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा अधिकारी म्हणजे केंद्रप्रमुख. आमच्या तांड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. मग मुलं खिचडी खायला बसली की मी टाकीजवळ उभी राहायची. मागच्या महिन्याचा आकडा समोर दिसायचा. त्यात एक मिळवायचा आणि सबमिट दाबायचं. खोटं लिहा असं मला कोणीही, कधीही सांगितलं नाही. एकदा शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाने आकडा कमी केला होता, तर त्याला तीन शनिवार ‘विशेष मार्गदर्शना’ला बसवलं. तेव्हापासून सगळे एक मिळवतात. मार्चपर्यंत तालुक्यातलं झाडून सगळं पोर वाचायला लागतं आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

माझी चूक इतकीच झाली की सर म्हणाले, सरकारी नोंद जोडली तर प्रबंधाला वजन येतं, आणि मी ऑफिसातून अहवालाची प्रिंट काढून, सही करून, जशीच्या तशी जोडली. तो अहवाल मी आजवर फक्त भरला होता. वाचला कधीच नव्हता.

“सात काढून टाकता येईल,” सर म्हणाले. “तुमच्या मूळ उद्देशात तो नाही. ठेवला तर परीक्षक विचारणार. तुम्ही ठरवा, पण पुढच्या महिन्यात सबमिशन आहे.”

दारव्ह्याच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते आठवत नाही. संशोधनाला मी शिक्षण विभागाची रीतसर परवानगी घेतली होती. तिच्यात अट होती, प्रबंधाची एक प्रत कार्यालयात जमा करावी. म्हणजे मी शासनाला खोटी माहिती दिली याचा पुरावा मीच बांधून, वर सोनेरी अक्षरं छापून, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणार होते. निलंबन हा शब्द मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या नावाला लागून आठवला.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते एसटीत आहेत, विभागीय चौकशा त्यांनी जवळून पाहिल्यात.

“काढून टाक ना तो तक्ता. कोण पाहून राह्यलं?” ते म्हणाले. “नोकरी गेली तं ते डिग्री काय चुलीत घालशीन?”

मला त्यांचं पटलं. अगदी मनापासून पटलं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी नुसती घाबरून काढले. केंद्रप्रमुखांचा फोन आला की हातातलं भांडं खाली ठेवून मग उचलायची. शाळेच्या रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की वाटायचं, चौकशीलाच आले. एकदा ती गाडी सोयाबीनच्या व्यापाऱ्याची निघाली, तरी अर्धा तास मला फळ्यावर नीट लिहिता आलं नाही.

मग मला एक युक्ती सुचली. भित्र्या माणसाला सुचतात तशीच ती होती. मनात आलं, माझी चाचणीच कडक असेल. पुन्हा घेऊन पाहू. मुलं आता दोन महिन्यांनी मोठी झाली आहेत, सहामधला आकडा वाढला तर सातशी जुळेल आणि दोन्ही तक्ते सुखाने नांदतील. मी तोच परिच्छेद घेऊन पुन्हा चाचणी घेतली. अकरा मुलांनी तो वाचला.

मला इतकं हलकं वाटलं की मुलांना दुपारी खेळायला सोडलं. पण एक गोष्ट मी पाहिली होती आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. पायल राठोड तिसरीतली मुलगी, आवाज खणखणीत. तिने परिच्छेद पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हटला. म्हणताना तिचं बोट दुसऱ्याच ओळीवर फिरत होतं. पहिल्या चाचणीनंतर मुलांनी तो परिच्छेद एकमेकांकडून ऐकून पाठ केला होता, कवितेसारखा. हे मला तिथेच कळलं. कळूनही मी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

नवीन तक्ता मी टाइप करायला दिला. आता सरांना दाखवायचा तेवढा राहिला होता.

त्यानंतरच्या सोमवारी पायलची आई शाळेत आली. कापूस वेचायला निघाली होती, कापूस गोळा करायची ओटी कमरेला बांधलेली होती. कडेवर पायलचा धाकटा भाऊ, दहा-अकरा महिन्यांचा. तिने ओटीतून एक चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सर्दीच्या औषधाबरोबर दिलेली. मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रात्री झोपताना एकदाच, अर्धा चमचा.

शनिवारी ती चिठ्ठी तिने पायलला वाचायला दिली होती. पायलने धडाधड वाचलं: दिवसातून तीन वेळा, एक चमचा. मागच्या खेपेच्या चिठ्ठीत तसं होतं आणि ते तिला ऐकून पाठ होतं. रविवारी दुपारपर्यंत बाळ उठेना, अंगावर पिईना. जीप करून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

एवढं सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मी वाट पाहत होते की ती आता ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

“मॅडम, तुमच्या कार्डावर होतं, पोरीले वाचता येते,” ती म्हणाली. “म्हून मी तिलेच वाचाले लावलं. मले तं येत नाही ना.”

बाळ माझ्या टेबलावरच्या घंटीशी खेळत होतं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. ते प्रगतीपत्रक मी अहवाल बघूनच भरलं होतं. मी तिला म्हटलं, चूक पायलची नाही, माझी आहे. तिने मान हलवली आणि शेताकडे गेली. मला वाटतं, तिचा विश्वास बसला नाही. मॅडम चुकत नसतात.

मी संध्याकाळी टाइपिंगवाल्याकडे गेले आणि नवीन तक्ता परत आणला. सहा तसाच ठेवला, पाच. सातही ठेवला, तेरा. सातच्या खाली चार ओळी लिहिल्या की हा अहवाल संशोधिकेने स्वतः, मुलांना न तपासता भरला आहे. दुसरी चाचणीही पाठांतराच्या प्रकाराचं उदाहरण म्हणून लिहून टाकली, माझ्या खोट्या खुणेसकट. हे सगळं धाडसाने केलं असं कोणी समजू नये. टाइप करणारा मला विचारत होता, ताई, बरं नाही का, पाणी देऊ का.

काही महिन्यांनी व्हायव्हाची तारीख आली. व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सहसा नवरा, मैत्रिणी आणि पेढ्यांची वाट बघणारे येतात. मी पहिली स्लाइड लावली आणि मागचं दार उघडलं. आमचे गटशिक्षणाधिकारी आत आले, मागे केंद्रप्रमुख. तालुक्यातल्या सगळ्या शाळा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाताखाली असतात, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांची यवतमाळला मीटिंग होती, म्हणाले, आपल्या मॅडम डॉक्टर होऊन राह्यल्या, म्हटलं पाहून जाऊ. कौतुकाने आले होते बिचारे.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शांत होत्या. त्यांनी पाऊण तास बाकीचं विचारलं. मला आशा वाटायला लागली की पानं चिकटली असतील. मग त्यांनी चष्मा वर केला.

“तक्ता सातखाली तुम्ही लिहिलंय, न तपासता भरला. हे जरा समजावून सांगा.”

दोन रांगा मागे साहेब बसले होते. मला त्यांचे बूट दिसत होते. मी ते बूट बघूनच बोलले.

“मॅडम, सहा नंबरचा तक्ता खरा आहे. सात नंबरचा खोटा आहे. तो मी भरला आहे.”

बाईंनी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, कोणाच्या नाही, आकडा कमी करायची भीती वाटत होती. त्यांनी पुढे विचारलं, आणि आज नाही वाटत? मी म्हटलं, आज जास्त वाटते. वानखडे सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळल्या.

पदवी मिळाली. अभिनंदनाच्या टाळ्या संपल्यावर साहेब मला व्हरांड्यात भेटले. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“मॅडम, बाकीच्या शाळांचं नाव नाही घेतलं तुम्ही, हे बरं केलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण नोटीस तं मले काढाच लागते.”

त्यांचा चेहरा बघून कळलं की तेही घाबरले आहेत. त्यांनाही वर एक अहवाल द्यावा लागतो, आमच्या सगळ्यांचे आकडे जोडून. बावीस वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं.

कारणे दाखवा नोटीस नवव्या दिवशी आली. मी उत्तरात प्रबंधाचं पान जोडलं. तीन महिने कार्यालयाने काहीच कळवलं नाही. ते तीन महिने मी कसे काढले ते लिहीत बसत नाही. शेवटी सक्त ताकीद मिळाली. सेवापुस्तक म्हणजे आमच्या नोकरीची जन्मकुंडली. त्यात एकाच पानावर दोन नोंदी आहेत: विद्यावाचस्पती पदवी प्राप्त, आणि त्याखाली, खोटी माहिती सादर केल्याबद्दल ताकीद. संशोधनाने व्यवस्था बदलते असं कोर्सवर्कमध्ये शिकवतात. तीही बदलली. आता आमच्याकडे शिक्षकांना संशोधनाची परवानगी देताना एक नवी अट असते, शाळेचे मासिक अहवाल संशोधनासाठी वापरता येणार नाहीत.

पुढच्या शालेय वर्षात, पहिल्या सत्राच्या शेवटी मी सगळ्या मुलांना पुन्हा एकेकटं बसवलं, प्रत्येकाला वेगळा परिच्छेद देऊन. पायल, आता चौथीतली, तीन ओळींतच अडली. तिच्या प्रगतीपत्रकावर मी लिहिलं, “पायलला अजून वाचता येत नाही. आम्ही शिकवत आहोत.” असा शेरा मी नोकरीत पहिल्यांदाच लिहीत होते. ते कार्ड मी स्वतः घरी नेऊन तिच्या आईला वाचून दाखवलं. त्यानंतर रोज खिचडीच्या सुट्टीत पायल आणि मी बसायला लागलो. गोर बोलीत तिने मला सांगायचं, मराठीत आम्ही दोघींनी ते लिहायचं आणि मग तिने वाचायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती ते कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. बोट ओळीवर ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत, तीनदा थांबून, तिने माझा शेरा वाचला. अजून. वाचता. येत. नाही. बोट त्याच शब्दांवर होतं.

“मॅडम, हे तं मले वाचता आलं,” ती म्हणाली. “मंग हे खोटं लिवलं काय तुमी?”

मी तिला खुर्चीवर बसवलं, कपाटातून तिने कधीच न पाहिलेलं पुस्तक काढलं आणि मधलंच एक पान उघडून दिलं. ते वाचून होईपर्यंत मी पेनाला हात लावला नाही. मग जुना शेरा खोडला, नवा लिहिला, तारीख घातली. सही करण्याआधी मूल समोर बसवावं, एवढंच मला डॉक्टर होऊन कळलं.