मामांचा मऊ भात

आजारी माणसाला भेटायला जावं ते माझ्या मामांनी. आपण बाकीचे नुसते जाऊन येतो. कसबा पेठेत कुणाला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, की मामा मंडईतून मोसंबी आणणार, स्वतः मऊ भात शिजवणार, डबा कलंडू नये म्हणून पिशवीत वर्तमानपत्रं कोंबणार आणि पायी निघणार. तिथे प्रकृतीची चौकशी मात्र करणार नाहीत. "ते डॉक्टरला माहीत असतं, पेशंटला कशाला त्रास?" असं म्हणून ते गल्लीतल्या बातम्या सांगत. रोग्याला हसू फुटतंय असं दिसलं की गोष्ट अर्धवट सोडून देत, कारण हसलं की टाके दुखतात.

हे सगळं मामी गेल्यापासूनचं. त्यांना जठराचा कॅन्सर होता. पोट उभं चिरून ऑपरेशन झालं, जखम भरेना, आणि त्या घरी आल्याच नाहीत. भेटायला येणारे हळूहळू कमी झाले, तरी दारात पाऊल वाजलं की मामी मान वळवून बघायच्या. मामांच्या बोलण्यावर हसल्या की पोट धरून कळवळायच्या, म्हणून शेवटी मामांनी त्यांना हसवणंच सोडलं.

अलीकडे मामांची पंचाईत होऊ लागली होती. पित्ताशय काढलेल्या शेजाऱ्यासाठी डबा घेऊन गेले, तर खाट रिकामी. आठवडाभरात तोच शेजारी मंडईत वांगी निवडताना दिसला. "पोटाला चार भोकं पाडून काढलं म्हणे," मामा मला म्हणाले. "तेवढ्या भोकांत आमच्याकडे पडद्याचा दांडासुद्धा बसत नाही."

मग त्यांच्याच जठरात गाठ निघाली. चिरायचं असेल तर मला तसंच जाऊ द्या, असं त्यांनी सांगून टाकलं, आणि ते खरंच तसं करतील या भीतीनं माझी झोप उडाली. मी त्यांना आमच्या कर्वेनगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गाठ वरवरचीच आहे, तोंडातून दुर्बिणीची नळी घालून आतल्या आत सोलून काढता येईल, बाहेर ओरखडाही उठणार नाही, असं त्यांनी समजावलं. पुढे तर अशा कितीतरी दुखण्यांत पोट उघडावंच लागणार नाही, असंही म्हणाल्या.

"हे तेव्हा नव्हतं का हो?" मामांनी विचारलं.

"आपल्याकडे नव्हतं, काका," बाई म्हणाल्या. "आणि रोगही असा लवकर सापडावा लागतो."

मामा तयार झाले. गाठ निघाली आणि दोन-तीन दिवसांत ते घरी आले. मी मऊ भात घेऊन गेले, तर मामा धुतलेला सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले होते. कुणीच आलं नव्हतं. ना टाके, ना पट्टी, पेठेला तो आजार वाटलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. प्रकृतीचं न विचारता मी आमच्या सोसायटीतली बातमी सांगितली: अध्यक्ष लिफ्टमध्ये तासभर अडकले होते, आणि समोरच त्यांनीच लावलेली पाटी होती, 'लिफ्टमध्ये विनाकारण थांबू नये.'

मामा खदखदून हसले. हसता हसता त्यांचा हात पोटावर गेला आणि ते एकदम थांबले, कळ येण्याची वाट बघत.

"दुखत नाही गं," ते हळूच म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.