भरतीआधीची सही

कबड्डीच्या टीमची मॅनेजर आहे म्हटलं की लोक मला हमखास किस्सा मागतात. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी दाताच्या डॉक्टरकडे मी तोंड उघडून पडलेली असतानासुद्धा! नऊ वर्षं झाली या नोकरीला. जुन्या जर्सी आम्ही दर सीझनला गोणीत भरून सानपाड्याच्या ऑफिसातल्या माळ्यावर टाकतो. किस्से कुठे टाकणार? ते साठतच जातात. आणि बघायला गेलं तर त्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत. हरेशचे.

हरेश सारसोळ्याचा, खाडीवरचा कोळी. आमचा कॉर्नर. म्हणजे मॅटच्या टोकाला उभं राहायचं आणि चढाई करत आत आलेल्या रेडरचा पाय धरायचा. हरेशने धरलेला पाय सुटत नसे. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, या जर्सीत आलो, याच जर्सीत सोडनार."

मी म्हटलं, "बाबा, आधी सही तर कर!"

* * *

ती सहीच बघा. करार करायला खेळाडू एकटा येतो, फार तर वडिलांना आणतो. हरेशबरोबर सारसोळ्याची अकरा माणसं आली. ऑफिसात खुर्च्या सहा! सगळ्यांत पुढे त्याची आई, कमळामावशी. नेरूळच्या मार्केटात मासे विकते. वकिलाने सव्वीस पानं वाचून दाखवली, तोवर मावशीने पापणीही हलवली नाही. शेवटी विचारलं,

"यात सनाचं काय लिवलंय?"

"कुठला सण?"

"नारली पुनव. आमच्या घरचा नारळ हरेशच सोडतो खाडीत. बापाच्या मागे तोच हाय."

वकील हसला. म्हणाला, असं कलम कुठल्याच करारात नसतं.

"मग सही पन नसते," मावशी म्हणाली आणि उठली. तिच्यामागे बाकीची सगळी माणसं उठली. आम्हाला घामच फुटला, कारण दुसऱ्या दिवशी लीगकडे कागद पाठवायचे होते. तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले. शेठ म्हणजे आमचे मालक, धंदा बिल्डरचा. त्यांनी दाराकडे निघालेली ती मिरवणूक बघितली आणि ओरडले, "अरे, लिहा ते नारळाचं! तीस मजल्यांचं लिहून देतो मी लोकांना, एक नारळ लिहायला काय जातं?"

* * *

काय जातं ते तिसऱ्या सीझनला कळलं. नारळी पौर्णिमा आणि आमची मॅच एकाच दिवशी! मॅच संध्याकाळी आठला. साडेसात वाजले, हरेशचा पत्ता नाही. खेळणाऱ्यांच्या यादीत मी त्याचं नाव लिहून मोकळी झाले होते, आणि नाव असून माणूस हजर नसला की लीग सोडत नाही. फोन लावला तर मागे नुसता बँड.

पावणेआठला गेटवरच्या सिक्युरिटीचा फोन. "मॅडम, इथे एक डान्सवाले आलेत. त्यांना मागच्या गेटने पाठवू का?"

मी धावले. बघते तर हरेश! लाल टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला कोळ्यांचा तिकोनी सुरका, आणि तोंडावर गुलाल. सिक्युरिटीला जीव तोडून सांगत होता, "अरे भाऊ, मी कॉर्नर हाय, कॉर्नर!"

सिक्युरिटी म्हणाला, "कॉर्नरलाच उभे राहा, मॅडम येतायत."

* * *

आता आमचे कोच, इक्बाल सर. मूळचे उरणकडचे, राहायला खांदेश्वरला. त्यांचा एकच नियम: सर बोलत असताना कोणी तोंड उघडायचं नाही. सर बोर्डाकडे तोंड करतात, टीमकडे पाठ, आणि बाण काढत काढत वीस मिनिटं बोलतात. एकदा ड्रेसिंग रूमचा पाइप फुटला. पाणी घोट्यापर्यंत आलं, कुणाच्या चपला तरंगायला लागल्या, पण एक जण बोलेल तर शपथ! सर वळले तेव्हा त्यांचेच बूट भिजले होते.

"अरे, सांगायचं नाही का?"

आमचा रेडर सोनू, हरियाणाचा, हात जोडून म्हणाला, "सर, आप बोल रहे थे!"

हा नियम लक्षात ठेवा. पुढे याच नियमाने आमचा घात केला.

* * *

पाचव्या सीझननंतर दुसऱ्या टीमचा एक एजंट हरेशच्या मागे लागला. हरेश भेटेना, म्हणून हा पठ्ठ्या थेट मार्केटात कमळामावशीपुढे उभा! रोज सकाळी यायचा, सगळ्यांत मोठं पापलेट घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "मावशी, पोराचं भलं व्हावं असं वाटत नाही का तुम्हाला?"

आठवडाभर मावशी ऐकत राहिली. आणि पापलेट विकत राहिली. इकडे मला ही खबर लागली आणि माझी झोप उडाली. आमच्यापेक्षा दुप्पट देणारी टीम होती ती. हरेश गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता, खरं सांगते. आठव्या दिवशी एजंटने विचारलं, "मग मावशी, काय ठरलं?"

मावशीने पापलेट कापता कापता सांगितलं, "मासा पायजे तर घे. पोर माज्या पाटीत नाय."

त्याच दिवशी मी सारसोळ्याला गेले. हरेश ओट्यावर जाळं विणत बसला होता. मी त्याला म्हटलं, "हरेश, मी या टीममध्ये आहे तोवर तुझं नाव लिस्टमधून जाणार नाही." कोणी सांगितलं होतं मला बोलायला? पण बोलले. तो हसला आणि जाळ्याची पुढची गाठ मारली.

* * *

सातव्या सीझनला त्याचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, अर्धा सीझन बाहेर बसला. सीझन संपल्यावर शेठने मला बोलावलं.

"हरेशला रिलीज करा."

मी भांडले. चांगली तोंड वर करून भांडले. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्योतीमॅडम, मी टीम चालवतो. वृद्धाश्रम नाही." तीस वर्षांचा होता हो तो!

आमच्या लीगचा नियम असा, की खेळाडूला सोडायचं तर त्याची सही लागते, आणि ती ठरलेल्या दिवशी पाचच्या आत, फोनवरून फोटो काढून का होईना, लीगला पोचावी लागते. नाही पोचली तर तो आपोआप पुढच्या सीझनला तुमचाच. शेठ आणि वकिलांचा घोळ शेवटच्या दिवसापर्यंत चालला. तो कागद घेऊन मी दुपारी दोनला सारसोळ्याच्या जेट्टीवर पोचले. हरेशचा फोन घरी. हरेश खाडीत.

मावशीने समोर बोट दाखवलं. ओहोटी लागलेली, नुसता काळा गाळ, आणि लांब त्या गाळात टेकलेली हरेशची होडी. "साडेपाचपर्यंत भरती येत नाय. तवर होडी हलत नाय," मावशी म्हणाली. "कसला कागद हाय, बाय?"

"ऑफिसचा," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण तिच्याकडे बघवेना.

साडेपाच! मला आतून नाचावंसं वाटलं. शेठना फोन केला. "सर, खाडीत अडकलाय तो. भरतीला काय मी फोन करू?" शेठ म्हणाले, "पाचपर्यंत तिथून हलायचं नाही."

नाही हलले. ओढणी डोक्यावर घेऊन तिथेच उन्हात बसले. आयुष्यात कधी घड्याळाला एवढे हात जोडले नाहीत. तीन वाजले. साडेतीन. चार. आणि सव्वाचारला बघते तर काय, होडीतून एक माणूस गाळात उतरला.

मी ताडकन उठले. दोन्ही हात हलवले. थांब! मागे जा! त्याने बघितलं आणि उलट जोरात यायला लागला. मी आणखी हात केले, तो आणखी घाई करायला लागला. मांडीपर्यंत गाळ, ऑपरेशन झालेला तो उजवा गुडघा, सगळा भार डाव्या पायावर. मध्येच डावा पाय आत गेला, हरेश आडवा झाला. दोन्ही हातांनी पाय ओढून बाहेर काढला तेव्हा त्याचं तोंड कसं झालं, ते मला जेट्टीवरून दिसलं. मी ओरडत होते, "नको येऊ रे!" पण वारा समोरचा. एक अक्षर पोचलं नाही.

चार अठ्ठेचाळीसला तो माझ्यापुढे उभा. छातीपर्यंत चिखल.

"काय झालं मॅडम? दोन तास उनात बसल्यात. हात करत व्हत्या, म्हनून आलो."

मी कागद पुढे केला. त्याने वरची ओळ वाचली. मग खाडीकडे बघितलं, माझ्या घड्याळाकडे बघितलं. नियम त्याला पाठ होता. बारा मिनिटं गप्प उभा राहिला असता तर आमचाच राहिला असता! मी तरी म्हणायचं ना, की जा परत. तो कागद फाडायचा होता मला. नाही फाडला. कोपरखैरण्याच्या घराचा हप्ता माझ्या पगारावर चालतो, ते आठवलं. लाज वाटते सांगायला, पण तेच आठवलं.

हरेशने आईच्या पदराला हात पुसला आणि सही केली.

"नव्या टीमला नारळाचं कलम तेवढं सांगा," म्हणाला.

मी तिथेच रडले. सारसोळ्यातून बिनचहाची मी त्या दिवशी पहिल्यांदा परतले.

* * *

आता शेवटचा.

हरेशला दुसऱ्या एका टीमने एकाच सीझनसाठी घेतलं. चालला तर पुढचा करार, नाहीतर घरी. आणि योग बघा, शेवटची लीग मॅच त्यांची आणि आमची, आमच्याच हॉलमध्ये. जो जिंकेल तो पुढे जाणार.

मॅचच्या आधी इक्बाल सर बोर्डाकडे तोंड करून बोलायला लागले. दोन मिनिटांनी दार उघडलं आणि हरेश आत आला. त्यांच्या टीमची बस आमच्या नेहमीच्या मागच्या गेटला लागली होती, आणि हा आपल्या पायांच्या सवयीने सरळ आमच्या ड्रेसिंग रूममध्ये! नेहमीसारखा चौकटीला हात लावला आणि कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर बसला. ती जागा सीझनभर रिकामी होती, कोणी बसायचंच नाही तिथे. आमचा फिजिओ नितीन मान खाली घालून एकेकाला पट्ट्या मारत होता. त्याने समोर आलेला गुडघा बघितला आणि वर न बघता सवयीने उजव्याला पट्टी मारायला घेतली. बाकीचे सगळे बघतायत, मी बघतेय. पण सर बोलत होते ना!

सर सांगत होते, "हरेशचा उजवा गुडघा कच्चा आहे. शेवटच्या रेडला सोनू त्याच्या उजव्या बाजूनेच सुटणार. तिथे तो वळू शकत नाही. बिचारा चांगला पोरगा, पण आज दया करायची नाही."

सर वळले. त्यांच्या हातातला मार्कर खाली पडला.

हरेश उभा राहिला. आपण कुठे आहोत हे त्याला तेव्हा कळलं असावं, कानापर्यंत लाल झाला. पण सरांनी बोलणं थांबवलं होतं, म्हणजे आता बोलायला परवानगी होती.

"सर, उजवा नाय. उजवा बरा हाय आता. डावा दुखतो." आणि नितीनकडे बोट दाखवून म्हणाला, "याला पन सांगा, चुकीच्या गुडघ्याला पट्टी मारतोय."

आणि निघून गेला.

खोलीत एकदम कालवा. सोनू म्हणाला, "सर, झूठ बोल रहा है! अब उनका आदमी है।" नितीन म्हणाला, ऑपरेशन मी स्वतः बघितलंय, उजवाच. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, रिलीजच्या फाइलमध्ये रिपोर्ट आहे ना? काय आहे त्यात?"

मला गाळातून डावा पाय ओढणारा हरेश दिसत होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"उजवा," मी म्हटलं. रिपोर्टमध्ये तेच होतं.

शेवटची रेड. आम्ही एका पॉइंटने मागे. हॉलमध्ये कोणी बसलेलं नाही, सगळे उभे. सोनू आत शिरला, एकाला हुलकावणी दिली, बोनसचा पॉइंट सोडून दिला, आणि हरेशच्या उजव्या बाजूने सुटला. हरेश उजव्या पायावर वळला, पट्टी मारलेल्या, आणि सोनूचा घोटा धरला. सुटला नाही.

आमचा सीझन संपला.

हॉल रिकामा झाल्यावर आमच्या ड्रेसिंग रूमचं दार वाजलं. हरेश, डाव्या पायाने लंगडत. नितीनपुढे बसला आणि म्हणाला, "तुमची पट्टी हाय, तुमीच काढा." नितीन कात्री घेऊन बसला. इक्बाल सर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"खरं बोलला होतास तू?"

"तुमच्याशी खोटं कधी बोललो, सर?"

नितीनने डाव्या गुडघ्याला हात लावला. सुजून टम्म झाला होता. "अरे, हा कधी गेला?"

हरेशने एकदा माझ्याकडे बघितलं.

"जुनं हाय," म्हणाला. मग बॅगेतून डबा काढून माझ्यापुढे धरला. "मॅडम, आयने कोलंबी दिलीय. डबा परत द्यायला घरी या म्हनाली."