बनूबाईचं दही लागेना

मोरिवलीत बनूबाईसारखी दुसरी बाई नाही, आणि नकोच. कारखान्याच्या भिंतीला लागून तिचा गोठा, दोन म्हशी, आणि तोंड असं की म्हशी बऱ्या. नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा आल्यागेल्याला हिनं ताकात पाणी ओतून दिलं. अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात दही विकते, गल्लीत दूध घालते. दूध पातळ आहे असं मी म्हटलं तर, "सरस्वती, तुझ्या घरात आधी मलई कोण खात होतं गं?" हे ऐकून घ्यायचं.

वैशाखात तिचं दही लागेनासं झालं. रात्री विरजण लावावं, तर सकाळी दूध जसंच्या तसं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बाजारातली गिऱ्हाइकं तुटायला लागली. बाईसाहेबांना कारण लगेच सापडलं: सून. "तेजलनं इटाळात विरजणाला हात लावला. घर बाटवलं माझं."

शी! बदलापूरची शिकलेली पोर, कडेवर लहान मुलगी, आणि तिला पडवीत बसवलं. तिचा नवरा विनीत, म्हणजे बनूबाईचा दिवटा, कंपनीत सुपरवायझर आहे. तिथे लोकांवर ओरडतो, घरी आईसमोर शेपूट घालतो. आई म्हणाली, हिला कायमची माहेरी धाड. हा म्हणाला, "बरं."

नाक्यावर गुरांचे डॉक्टर भेटले, त्यांना मी विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हशींच्या कासा सुजल्या होत्या. मी अँटिबायोटिकची सुई दिली. ते औषध दुधात उतरतं. विरजणातले जिवाणू दुधाचं दही करतात, आणि तेच त्या औषधानं मरतात. मग दही लागणार कसं? आजीला बजावलं होतं, मी सांगेपर्यंत दूध ओतून द्या, विकू नका."

माझं टाळकंच सटकलं. आमच्याकडे तेच दूध चाललं होतं! तशीच तरातरा गेले. बनूबाईनं लगेच पदर डोळ्याला लावला. "मी अडाणी बाई गं. त्यो डाक्टर काय बोलला, मला काय समजतंय?" खोटं कशाला बोलू, मलाही जरा दया आली. मेलीचं सोंगच तसं.

पडवीत तेजल बॅग भरत होती. मोरीजवळच्या दोरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या. गोठा असलेल्या घरात पिशवीचं दूध?

"छकुलीसाठी," तेजल म्हणाली. "आई स्वतः आणतात. म्हशींना सुई दिली त्या दिवसापासून म्हणतात, आपलं दूध लेकराला पाजायचं नाही."

मी त्या पिशव्या ओढल्या आणि बाहेर अंगणात उभ्या असलेल्या विनीतसमोर धरल्या. डॉक्टर काय म्हणाले तेही, आवाज ऐकून जमलेल्या गल्लीसमोर सांगितलं. "हिला सगळं कळत होतं! स्वतःच्या नातीला दिलं नाही, गल्लीतल्या पोरांना पाजलं. आणि वर दोष सुनेला!"

बनूबाईचे डोळे ठणठणीत कोरडे. "गल्लीतली पोरं काय माझी नातवंडं लागतात?"

विनीतनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "तेजल, राहू दे आता. बॅग आत ठेव."

तेजलनं मुलीला कडेवर घेतलं आणि बॅग स्वतःच उचलली. "रिक्षा तुम्ही बघताय की मी बघू?" ती म्हणाली. "माझी पोर असल्या माणसांत वाढणार नाही."