उचलता आली पाहिजे

"झालं तुमचं सांगून? आता सरका."

पदर कमरेला खोचत एवढंच म्हणायचं आणि समोरच्याला हातानं अलगद बाजूला करून कामाला लागायचं, ही आमच्या सिस्टरांची रीत. घाबरलेला नवरा असो की चिडलेले डॉक्टर, सगळ्यांना तेच वाक्य.

सत्तरच्या दशकात धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि सिस्टर बाळंतिणींच्या वॉर्डात. चण लहान, वय चाळिशीकडे झुकलेलं. मागेपुढे कोणी नाही. ड्यूटी संपली की त्या शहराबाहेर, अमरावती रोडवरच्या वाडीला जायच्या. गोदामांमागच्या भाड्याच्या खोल्यांत हमालांच्या, ट्रकवाल्यांच्या बायका बाळंत व्हायच्या, त्यांच्यासाठी.

श्रावणात एका दुपारी वाडीहून निरोप आला. चिखल पाहून रिक्षावाल्यानं सिस्टरांना नाक्यावरच उतरवलं. त्या आधी चालत, मग धावत गेल्या. आई वाचली. बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या औषधांच्या खिडकीशी उभ्या. दवाखान्यात मोटारसायकल चालवणारा मी एकटाच.

"भाऊ, मले गाडी घ्याची आहे. पाहाले चला."

"स्कूटर घ्या ना, सिस्टर."

"तिची चाकं लहान. त्या चिखलात रुतून बसन. मोटारसायकलच पाहिजे."

"लोक हसतील हो."

"हसू द्या. हसणारे बाळंतपणाले येतेत का धावत?"

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात गेलो. त्यानं सगळ्यात जड गाडी पुढं केली. "आवाज ऐका, ताई!" सिस्टर आवाज न ऐकता सीटवर बसल्या. पाय लोंबकळले. उतरल्या.

दुसरी चकचकीत होती आणि पायही टेकले. मी म्हटलं, "घेऊन टाका." त्यांनी खाली उतरून ती गाडी चक्क जमिनीवर आडवी केली.

"अहो बाई, काय करून राहिल्या?" विकणारा ओरडला.

"पाडून पाहून राहिली. वाडीच्या रस्त्यात पडन तवा तुम्ही येसान उचलाले?"

हँडल धरून त्यांनी जोर लावला. गाडी हलली, पण उठेना. मी पुढं झालो.

"सरका."

तिसरी गाडी लहानशी, रंग उडालेली. विकणारा ती दाखवायलाही तयार नव्हता. सिस्टरांनी तीही आडवी केली. गुडघा रोवला, चेहरा लालबुंद झाला, आणि गाडी उभी राहिली. धापा टाकत त्या म्हणाल्या, "हेच."

मग रोज सकाळी मैदानावर आमची शाळा भरायची. लुगड्याचा काष्टा घालून सिस्टर गाडीवर. क्लच झटक्यात सोडला की गाडी घोड्यासारखी उसळायची. फिरायला आलेली मंडळी थांबून पाहायची. कोपरं सोलली, घोट्याला मार बसला. पण पडलेली गाडी उचलायला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

पुढं एका पावसाळ्यात वाडीहून पुन्हा निरोप आला. बाळ गेलेली तीच बाई, पुन्हा दिवस भरलेले. सिस्टरांनी मला औषधांची पिशवी घेऊन मागं बसवलं. बाईच्या मागं बसलेला पुरुष पाहून अमरावती रोडवरचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. गोदामांमागं गाडी घसरली, आम्ही दोघंही चिखलात. मी सावरून उठेपर्यंत त्यांनी गाडी उभी करून किक मारली होती.

मी बाहेर थांबलो. बऱ्याच वेळानं आतून बाळाचा टाहो ऐकू आला. सिस्टर बाहेर आल्या, हात धुतले आणि गाडीच्या सीटवर डोकं टेकून हुंदके देऊन रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

काही वर्षांनी त्यांनी दूरच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नोकरी धरली. जायच्या दिवशी ट्रंक मागं बांधून गाडीवरच निघाल्या. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. नव्या नर्सा हाका मारत होत्या, हात हलवत होत्या. सिस्टर सरळ रस्ता धरून गेल्या, वळणापाशीही त्यांनी मान वळवली नाही.

"एकदा तरी पाहायचं होतं," एक नर्स डोळे पुसत म्हणाली.

गाडी चालवताना मागं पाहायचं नसतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं.